अण्णांचा रिमोट : कंपवात, जुना डेस्कटॉप आणि ब्लूटूथची एक जोडणी

मिरजेच्या घरी अण्णांनी कॉम्प्युटर लावणं सोडून दिलंय, हे मला आईकडून कळलं, तेही दोन-तीन महिन्यांनी. "विचारलं तर म्हणतात, ऐकून झालं सगळं," आई फोनवर म्हणाली.

अण्णांचं ऐकून संपेल हे मला पटेना. त्यांच्याकडे ३४० कॅसेटी आहेत. काही विकतच्या, पण बऱ्याचशा त्यांनी स्वतः भरलेल्या: आकाशवाणीवरच्या मैफली, आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात दरवर्षी जी संगीत सभा होते, तिथे बसून टेप केलेली गाणी. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी या कॅसेटी एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवल्या. टेपरेकॉर्डरची वायर डेस्कटॉपच्या मागच्या निळ्या भोकात घालायची आणि नव्वद मिनिटांची कॅसेट नव्वद मिनिटं चालू द्यायची. याला जवळची वाट नाही. पाच वर्षं हे काम चाललं. प्रत्येक फाइलच्या नावात गायक, राग, ठिकाण, साल. तो डेस्कटॉप म्हणजे त्यांची वही आहे.

घरी गेले तेव्हा कारण लगेच दिसलं. अण्णांना कंपवात (पार्किन्सन) आहे, निदान होऊन चार वर्षं झाली. त्रास मुख्यतः उजव्या हाताला. माउसचा बाण गाण्याच्या नावावर नेईपर्यंत तो खालच्या ओळीवर घसरायचा. डबल क्लिक करताना दोन टिचक्यांच्या मधे माउस हलायचा आणि फाइल उघडण्याऐवजी ओढली जायची. अशीच ओढाओढ होऊन एक अख्खं फोल्डर दुसऱ्या फोल्डरात जाऊन पडलं होतं. ते पुसलं गेलं असं समजून अण्णांनी त्या दिवसापासून मशीनला हात लावला नव्हता.

"मशीन चांगलं आहे. माझ्याच हातानं बिघडतंय," ते म्हणाले.

फोल्डर मी दोन मिनिटांत शोधून जागेवर ठेवलं. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. पुढे जे काही केलं त्यात माझा निकष एकच होता: बटण दाबलं की ते काम झालंच पाहिजे. दहापैकी नऊ वेळा चालणारी वस्तू तुमच्या-माझ्यासाठी बरी असते, कारण दहाव्या वेळी आपण वस्तूला दोष देतो. अण्णा स्वतःला देतात.

आधी काय करून पाहिलं

डेस्कटॉप दहा वर्षांचा, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स, म्हणजे लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. मॉनिटरच्या जागी ३२ इंची टीव्ही, एचडीएमआय केबलने जोडलेला. अण्णांची खुर्ची टीव्हीपासून नऊ-दहा फुटांवर. इंटरनेट वायरने येतं.

सगळ्यांनी सुचवलेली पहिली गोष्ट म्हणजे टीव्हीचाच रिमोट वापरा. एचडीएमआयच्या केबलमधून रिमोटची बटणं पुढच्या यंत्राला पोचवायची सोय असते, तिला सीईसी म्हणतात. रास्पबेरी पायसारख्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये ती मिळते. डेस्कटॉपच्या ग्राफिक्स कार्डात मात्र ती बहुधा नसते, वेगळं अ‍ॅडाप्टर घ्यावं लागतं. आमच्या मशीनमध्ये नव्हतीच.

मोबाइलवरचं रिमोटचं अ‍ॅप एका संध्याकाळीच बाद झालं. गुळगुळीत काचेवर बोटाला काहीच लागत नाही, आणि थरथरतं बोट काचेवर टेकलं की फोनला तो स्पर्श वाटतो की सरकवणं, ते ठरत नाही. छोटा वायरलेस कीबोर्ड आणला तर त्याची बटणं चण्याच्या डाळीएवढी. हवं होतं ते हाताच्या मुठीत बसणारं, उठावदार गोल बटण असलेलं, न बघता चाचपता येणारं काहीतरी. म्हणजे रिमोटच. घरात अँड्रॉइड टीव्हीच्या एका जुन्या डब्याचा रिमोट पडून होता. मधे ओके, भोवती बाणांची चकती, खाली आवाजाची दोन बटणं. अण्णांच्या हाताला तो ओळखीचा होता.

रिमोट ब्लूटूथचा आहे की नुसता इन्फ्रारेडचा, हे आधी पाहून घ्यावं. टोक मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबायचं. इन्फ्रारेडचा दिवा डोळ्याला दिसत नाही, पण कॅमेऱ्यात जांभळट चमकतो. कित्येक रिमोट मिश्र असतात: टीव्ही चालू-बंद करायचं बटण इन्फ्रारेडने, बाकीची ब्लूटूथने. आमच्या रिमोटची सगळी बटणं ब्लूटूथने जात होती. त्यामुळे तो टीव्हीच्या दिशेने रोखून धरायची गरज उरली नाही. हात मांडीवर टेकवून दाबता येणं ही अण्णांसाठी फार मोठी गोष्ट आहे.

कॉम्प्युटरवर गाण्यांसाठी कोडी हा प्लेअर टाकला. २००२ मध्ये एक्सबॉक्स या खेळांच्या यंत्रासाठी सुरू झालेल्या प्रकल्पातून तो वाढला, त्यामुळे दुरून बसून, बाणांनी चालवायचं हे त्याच्या रक्तातच आहे. अक्षर मोठं, माउसची गरज शून्य.

जोडी लागेना

या जुन्या मदरबोर्डला ब्लूटूथ नव्हतं. ड्रॉवरमध्ये एक डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा ब्लूटूथचा छोटा तुकडा, सापडलं, ते लावलं. त्याला माझा फोन दिसला, शेजारच्यांचा स्पीकर दिसला, रिमोट काही दिसेना. सेल बदलले, बटणं धरून ठेवली, तासभर गेला.

कारण साधं होतं. हल्लीचे रिमोट ब्लूटूथच्या लो एनर्जी प्रकाराने बोलतात, म्हणूनच दोन छोट्या सेलवर महिनोन्‌महिने चालतात. हा प्रकार २०१० साली ब्लूटूथ ४.० मध्ये आला. ड्रॉवरमधलं डोंगल त्याच्या आधीचं होतं. त्या दोघांची भाषाच वेगळी. ४.० किंवा पुढचं डोंगल आणल्यावर रिमोट यादीत लगेच आला. आधी मात्र त्याला जुन्या डब्याच्या यादीतून काढावं लागलं. असे रिमोट सहसा एका वेळी एकाच घरचे असतात, आणि जुनं घर जागं असेल तर तिकडेच पळतात.

जोडी लावल्यावर लिनक्समध्ये आणखी एक पायरी असते, ती विसरू नये: उपकरण 'विश्वासू' म्हणून नोंदवणं. तसं केलं की रिमोट झोपून उठला तरी विचारपूस न करता आपोआप जोडला जातो.

ओके दाबलं तरी काहीच नाही

बाण चालत होते. आवाज कमी-जास्त होत होता. आणि ज्या बटणाने गाणं सुरू व्हायचं ते मधलं ओके मात्र मुकं. मला वाटलं बटणाचं रबर गेलं असेल. पण एव्हटेस्ट नावाचं साधन लावून पाहिलं, तर प्रत्येक दाब कॉम्प्युटरपर्यंत व्यवस्थित पोचत होता. पुढे कुठेतरी हरवत होता.

ब्लूटूथ रिमोट हा खरं तर छोटा कीबोर्डच. बटण दाबलं की तो एक क्रमांक पाठवतो. हे क्रमांक यूएसबी कीबोर्ड-माउससाठी ठरलेल्या यादीतलेच असतात, ब्लूटूथने ती यादी जशीच्या तशी घेतली आहे. पण त्या यादीत 'हो, हेच' म्हणायच्या जागा अनेक आहेत. कीबोर्डच्या पानावर एंटर आहे, षोडशमानात (दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीत) २८. नंबरांच्या भागातला एंटर वेगळा, ५८. आणि टीव्ही-टेपसारख्या घरगुती उपकरणांच्या पानावर 'मेनूतलं निवडा' हा तिसराच, ४१. आमचा रिमोट ४१ पाठवत होता. टीव्हीच्या डब्यासाठी बनवलेल्या रिमोटने तसं करणं अगदी बरोबर आहे.

लिनक्सनेही तो बरोबर ओळखला आणि आपल्या यादीतला ३५३ हा क्रमांक त्याला दिला. घोळ त्याच्या पुढच्या पायरीवर होता. लिनक्स मिंटच्या या आवृत्तीत पडदा सांभाळणारी व्यवस्था म्हणजे एक्स-११. तिचे नियम १९८७ साली ठरले, तेव्हा कीबोर्डच्या बटणाला एक बाइट पुरेसा वाटला, म्हणजे जास्तीत जास्त २५५. लिनक्सचा क्रमांक त्यात ८ मिळवून पुढे जातो. म्हणजे २४७ च्या पुढचं कुठलंही बटण वाटेतच गळतं. बाणांचे क्रमांक १०३ ते १०८ च्या घरातले, म्हणून ते सुखरूप पोचत होते. ३५३ ला दारातूनच परत पाठवलं जात होतं, आणि कुठे काही चूक झाली असा एक शब्दही पडद्यावर येत नव्हता.

अण्णांनी हे बटण किती वेळा दाबलं असेल कोण जाणे. मी त्यांना एव्हटेस्टच्या ओळी टीव्हीवर मोठ्या अक्षरात दाखवल्या. "हे बघा अण्णा, तुम्ही दाबलेलं इथपर्यंत येतंय. सहा वेळा दाबलंत, सहा ओळी आल्या." त्यांनी चष्मा लावून ओळी मोजल्या. मग आईला हाक मारून तिलाही मोजायला लावल्या.

उपाय एका ओळीचा. लिनक्समध्ये उपकरणांची एक नोंदवही असते, यूडेव्हचा हार्डवेअर डेटाबेस. तिच्यात आपण स्वतःची फाइल घालू शकतो: ब्लूटूथने आलेलं, या कंपनी-क्रमांकाचं, या मॉडेल-क्रमांकाचं उपकरण असेल, तर घरगुती पानावरचा ४१ म्हणजे एंटर समजा. फाइल लिहायची, डेटाबेस पुन्हा बांधायचा, रिमोट तोडून जोडायचा. लिनक्सच्या यादीतही एंटरचा क्रमांक योगायोगाने २८ च आहे (हा साधा, दशमानातला), तो कुठल्याही दारातून जातो. अशी बदली मुळाशी केलेली चांगली. कोडीमध्ये किंवा दुसऱ्या एखाद्या प्रोग्राममध्ये केली तर तिथपर्यंत बटण पोचायला तरी हवं ना.

गाणं चालू असताना येत नाही

मी पुण्याला परतले. चार दिवसांनी अण्णांचा फोन. "गाणं चालू असताना रिमोट येत नाही. बंद झालं की थोड्या वेळाने येतो." मी सेल तपासायला सांगितलं. मग रिमोट जवळ नेऊन पाहायला सांगितलं. दोन्हीने फरक पडला नाही. त्यांनी पहिल्याच वाक्यात निदानाचा अर्धा भाग सांगितला होता आणि मी तो निसटू दिला, याचं मला वाईट वाटतं. आयुष्यभर गाडीबरोबर फिरलेला माणूस बिघाड कधी होतो आणि कधी होत नाही, हे नेमकं सांगतो.

अण्णांनी गाणी दाबून लहान न करता वेव्ह फायलीतच ठेवली आहेत. मिनिटाला सुमारे १० एमबी. सगळं मिळून अडीचशे जीबी, आणि ते एका यूएसबी ३.० च्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर. ती डिस्क कॅबिनेटच्या मागे निळ्या पोर्टात होती. तिला चिकटूनच ब्लूटूथचं डोंगल.

यूएसबी ३.० ची तार सेकंदाला ५ अब्ज बिट या गतीने चालते, आणि चालू असताना तिच्यातून, तिच्या जोडणीतून आणि डिस्कच्या कवचातून रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो. हा गोंगाट नेमका २.४ ते २.५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात भरपूर असतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर मोजमापांसह एक तांत्रिक टिपण काढलं होतं. ब्लूटूथचं सगळं बोलणं २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्‌झमध्ये. एरवी ब्लूटूथ वाय-फायसारख्या गोंगाटातून मार्ग काढतं. सतत वाहिनी बदलत राहतं आणि खराब वाहिन्या टाळतं. पण शेजारच्या डिस्कचा गोंगाट अख्ख्या पट्ट्यावर पसरलेला असतो. पळून जाणार कुठे? डोंगलच्या कानाशी कोणी सतत पत्रा वाजवत बसावा आणि दहा फुटांवरून रिमोटने कुजबुजावं, अशी ती अवस्था होती. त्यात डोंगल कॅबिनेटच्या मागे, म्हणजे रिमोट आणि डोंगल यांच्या मधे पूर्ण लोखंडी डबा.

गाणं चालू असेपर्यंत डिस्क जागी आणि गोंगाट चालू. गाणं थांबलं की काही मिनिटांनी डिस्क झोपायची आणि रिमोट जिवंत व्हायचा. अण्णांचं वाक्य जसंच्या तसं.

मी आईला फोनवरून सांगितलं: डिस्कची वायर निळ्या पोर्टातून काढ, काळ्या पोर्टात लाव. काळा म्हणजे यूएसबी २.०, सेकंदाला ४८० दशलक्ष बिट. गाणं ऐकायला तो कितीतरी पट जास्त आहे. मिरजेच्या बाजारातून तिने मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल आणली आणि डोंगल तिच्या टोकाला लावून टीव्हीच्या स्टँडवर पुढे आणून ठेवलं. "आता उघड्यावर दिसतंय ते, चालेल ना?" चालेल, आई. तेच हवंय. दीडशे रुपयांच्या आतलं हे काम, पण या सगळ्या प्रकरणात सर्वात मोठा फरक यानेच पडला. डेस्कटॉपला ब्लूटूथचं काहीही जोडणाऱ्याने डोंगल मागे खोचायचंच नाही, असं मी आता ठामपणे सांगते.

अंगठा

पुढच्या खेपेला मी दोन दिवस नुसती त्यांच्या शेजारी बसले. ओके एकदा दाबलं की कधी गाणं सुरू व्हायचं, कधी सुरू होऊन लगेच दुसऱ्या पानावर जायचं. खाली एक ओळ जायचं तर तीन ओळी जायच्या. एव्हटेस्ट प्रत्येक दाबाची वेळ दाखवतं. त्यांच्या एका दाबाच्या जागी दोन किंवा तीन दाब होते, साधारण सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या अंतराने.

कंपवाताचा कंप विश्रांतीत जास्त असतो. हात हलवायला घेतला की तो थोडा शांत होतो, टेकवून ठेवला की परत येतो. त्याची गतीही ठरलेली असते, सेकंदाला साधारण चार ते सहा हेलकावे. म्हणजे दोन हेलकाव्यांत १७० ते २५० मिलिसेकंदांचं अंतर. अण्णा बटण दाबून अंगठा त्यावरच ठेवत, जशी जुन्या टेपरेकॉर्डरची कळ खटकन बसेपर्यंत दाबून धरावी लागे. अंगठा टेकलेला, म्हणून कंप, म्हणून तोच दाब पुन्हा पुन्हा. पडद्यावरच्या गोंधळाचा आणि वैद्यकाच्या पुस्तकातल्या आकड्याचा असा थेट मेळ बसलेला पाहून मी थोडा वेळ गप्पच झाले.

यासाठीची सोय जवळपास प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये आधीपासून असते आणि फार कमी जणांना माहीत असते. एक्सएफसीईच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' या भागात 'बाउन्स कीज' असा पर्याय आहे. विंडोजमध्ये 'फिल्टर कीज'मध्ये हेच मिळतं. सोडलेलं बटण ठरावीक वेळेच्या आत पुन्हा दाबलं गेलं तर ते मोजायचंच नाही, एवढंच तो करतो. कंपाचं अंतर २५० पर्यंत जातं, म्हणून मी ३०० मिलिसेकंद ठेवले. संध्याकाळी, औषधाचा असर उतरायच्या वेळेला, तेवढ्यातूनही एखादा दाब निसटत होता. ३५० केले, मग थांबलं. अण्णा मुद्दाम दाबतात ते सेकंदाला एकदा, फार तर दोनदा, त्यामुळे त्यांचा खरा दाब एकही वाया जात नाही.

शेजारीच 'स्लो कीज' असाही पर्याय आहे: बटण काही काळ सलग दाबून धरलं तरच मोजायचं. तोही करून पाहिला आणि लगेच काढला. थरथरणाऱ्या अंगठ्याला सलग दाबून धरणं हेच तर जड जातं. नाव ऐकून दोन्ही सारखे वाटतात. कंपवातात पहिला मदत करतो, दुसरा शिक्षा.

दाबून धरल्यावर बटण आपोआप पुन्हा पुन्हा चालतं, ते ऑटो-रिपीटही बंद केलं. कोडीमध्ये ओके जास्त वेळ दाबलं तर एक वेगळाच मेनू उघडतो, त्याने अण्णा फार गांगरायचे. कोडीच्या बटणांच्या फाइलमध्ये लांब दाबालाही साधं ओके नेमून टाकलं. रिपीट गेल्यामुळे आवाज वाढवायला दहादा दाबावं लागलं असतं, म्हणून एका दाबाला आवाज दहा टक्क्यांनी सरकेल असं केलं.

आणि याद्या लहान केल्या. याला तंत्रज्ञान लागत नाही. हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, प्रत्येकाचं फोल्डर, आत रागांची फोल्डरं, कुठेही बारापेक्षा जास्त ओळी नाहीत. हे काम अण्णांनी सांगायचं आणि मी करायचं असं चाललं. झिंझोटी आणि खमाज एका फोल्डरात टाकू का, असं मी विचारलं तेव्हा ते इतके दुखावले की मी तो विषय पुन्हा काढला नाही.

पहिला दाब

एक गोष्ट मात्र पूर्णपणे सुटत नाही. सेल वाचवायला रिमोट काही वेळाने झोपतो आणि जोडणी तोडतो. मग कोणतंही बटण दाबलं की तो आधी 'मी आलोय' अशी हाक देतो. ती हाक चाळीसपैकी फक्त तीन ठरावीक वाहिन्यांवर असते. कॉम्प्युटरने ती ऐकायची, जोडणी करायची, तेवढ्यात अर्धा-एक सेकंद जातो आणि जागं करणारा तो पहिला दाब बऱ्याचदा वाया जातो. कॉम्प्युटरही सतत कान लावून बसत नाही, थोडं ऐकतो, थोडं थांबतो. ब्लूझी या लिनक्सच्या ब्लूटूथ व्यवस्थेच्या सेटिंगमध्ये ऐकण्याचा काळ वाढवता येतो, तो वाढवला. इंटरनेट वायरने येत असल्याने डोंगलला दुसरं काम नाहीच. फरक पडला, पण 'दाबलं की झालंच' या माझ्या निकषात ते बसेना.

तेव्हा दुसरी वाट धरली. रिमोट जोडला गेला की ब्लूझी तसं जाहीर करतं. ते ऐकणारी दहा-बारा ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली: जोडणी झाली की तानपुऱ्याचा दोन सेकंदांचा सूर वाजव. सूर अण्णांच्याच एका कॅसेटच्या सुरुवातीचा घेतला.

"अण्णा, आधी वरचा बाण दाबायचा. सूर आला की मग काय हवं ते दाबा."

"म्हणजे सिग्नल पडल्यावर गाडी सोडायची," ते म्हणाले. पुन्हा समजावून सांगावं लागलं नाही.

झोपलेल्या कॉम्प्युटरला रिमोटने उठवायचा नाद मी सोडून दिला. डेस्कटॉप झोपला की यूएसबीची वीज बहुतेकदा कमी होते किंवा जाते, डोंगल बहिरं होतं, आणि जे कधी चालेल आणि कधी नाही याचा भरवसा नाही ते या घरात नको. कॉम्प्युटर सकाळी आपोआप सुरू होतो, रात्री दहाला आपोआप बंद होतो. सकाळची वेळ बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) ७ लावली तर पहिल्या दिवशी तो दुपारी साडेबाराला उठला. लिनक्स मशीनचं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. म्हणून बायोसमध्ये दीड वाजता लावावं लागतं. मीटर लावून पाहिलं, सरासरी ३५ वॅट खातो. पंधरा तासांचे महिन्याला सोळा युनिटांच्या आत. आईने हिशेब पाहून मान्यता दिली.

लाल बटण

टीव्ही बघून झाला की लाल बटण दाबायची अण्णांची सवय. लिनक्सला ते बटण कॉम्प्युटरच्याच पॉवरचं वाटतं. एकदा गाणं संपल्यावर त्यांनी ते दाबलं आणि सगळा कॉम्प्युटर बंद झाला. आई स्वयंपाकघरातून येऊन खाली वाकून कॅबिनेटचं बटण दाबेपर्यंत ते तसेच बसून राहिले. त्याच नोंदवहीत दुसरी ओळ घातली: लाल बटण म्हणजे कीबोर्डवरचं ते अक्षर, ज्याने कोडी गाणं थांबवतो. हात जिथे जातो तिथे जे अपेक्षित आहे तेच घडतं.

माइकचं बटण डेस्कटॉपवर उपयोगाचं नाही. रिमोट आवाज वेगळ्याच मार्गाने पाठवतो आणि साधा लिनक्स त्याला माइक मानत नाही. ते बटण 'आवडीची गाणी' उघडायला दिलं. तिथे सध्या नऊ गाणी आहेत, त्यातली पाच आईची.

आता सात महिने झाले. सेल एकदा बदलले. किती टक्के उरलेत ते रिमोट स्वतः सांगतो आणि वीसच्या खाली गेले की मला पुण्यात निरोप येतो. मधे एकदा डोंगल झाडताना निघालं होतं, आईनेच परत लावलं. गेल्या महिन्यात रिमोट गोधडीच्या घडीत धुवायला गेला आणि अर्धा दिवस सापडेना, तेव्हा मी त्याच मॉडेलचा दुसरा घेतला. कंपनी आणि मॉडेलचे क्रमांक तेच असल्याने नोंदवहीतल्या सगळ्या ओळी त्याला आपोआप लागू झाल्या. फक्त जोडी लावावी लागली. तो आता शोकेसच्या ड्रॉवरमध्ये असतो, सेल काढून, वर आईच्या अक्षरात चिठ्ठी: 'ह्यांचा दुसरा. आधी वरचा बाण.'